हें चित्र कोणाचें?
एका रोमन रुपेरी नाण्याची ओळख

कोणतेंहि जुनें नाणें हातीं आलें म्हणजे बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो असा: "याचे किती येतील?" प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु तो सर्वांत शेवटीं विचारावयाचा. त्याच्या आधीं दुसरे दोन प्रश्न येतात. यावरील चित्र कोणाचें? आणि यावरील अक्षरें काय सांगतात? या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्याला नीट काढतां आलीं, त्याला नाणें ओळखतां आलें असें समजावें. ज्याला तीं काढतां आलीं नाहींत, त्यानें किंमतीची चौकशी करणें म्हणजे पत्र न वाचतां पाकिटावरील तिकिटाचा भाव करण्यासारखें आहे.

हे दोन प्रश्न आमच्या पदरचे नव्हेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं यरुशलेम नगरींत एका रुपेरी नाण्याकडे पाहून येशू ख्रिस्तानें नेमके हेच विचारले, ही कथा आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. तिच्याकडे आम्ही यथाक्रम येऊं. प्रस्तुत लेखाचा हेतु धर्मोपदेशाचा नसून, धर्मविषयक चित्र असलेलें रोमन चांदीचें नाणें कसें ओळखावें हें एका उदाहरणानें दाखविण्याचा आहे. उदाहरणासाठीं आम्हीं निवडलेलें नाणें म्हणजे रोमचा दुसरा बादशहा टायबीरियस याचा डिनेरियस. निवडीचीं कारणें तीन. हें नाणें विपुल पाडलें गेल्यामुळें तें जगांतील अनेक संग्रहालयांत पाहावयास मिळतें. त्याच्या दोन्ही बाजूंस धर्माचा उल्लेख आहे. आणि तें प्राचीन काळीं व्यापाराच्या मार्गानें आपल्या देशांत मोठ्या संख्येनें आलें होतें.

प्रथम नांवाविषयीं थोडेंसें. डिनेरियस हें रोमन लोकांचें नित्य व्यवहाराचें चांदीचें नाणें. ख्रिस्तपूर्व २११ च्या सुमारास तें प्रथम पाडण्यांत आलें. आरंभीं त्याच्या बदल्यांत 'ॲस' नांवाचीं दहा हलक्या धातूचीं नाणीं मिळत, म्हणून त्यास 'दहांचें' या अर्थाचें हें नांव पडलें. पुढें भाव दहांचा सोळा झाला, पण नांव दहांचेंच राहिलें. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांत मजुराची एका दिवसाची मजुरी एक डिनेरियस ठरविलेली आहे. त्यावरून त्याच्या मोलाचा अंदाज येईल. आपल्याकडे गुप्त राजांच्या काळच्या लेखांत सोन्याच्या नाण्याला 'दीनार' म्हटलें आहे, तो शब्दहि याच रोमन नांवापासून आलेला आहे. इंग्लंडांत १९७१ पर्यंत पेनीची खूण म्हणून 'डी' हें अक्षर लिहीत, तेंहि याच शब्दाचें आद्याक्षर होय. शब्द किती दूर व किती काळ प्रवास करितात याचें हें लहानसें प्रमाण आहे.

आतां ओळखण्याच्या कामास लागूं. पहिली पायरी डोळ्यांची नव्हे, तराजूची. टायबीरियसच्या डिनेरियसचें वजन सामान्यतः ३.७ ते ३.८ ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या मापानें सुमारें चार मासे भरतें. व्यास पाऊण इंचाच्या आसपास असतो. २०११ पासून निघालेल्या मालिकेंतील एक रुपयाचें पोलादी नाणें ३.७९ ग्रॅमचें आहे. तें तळहातावर ठेवून पाहिलें तर टायबीरियसच्या नाण्याचा भार केवढा असे हें सहज कळेल. मात्र रोमन नाणें आकारानें त्याहून लहान व जाडीस अधिक असतें. चांदी जवळजवळ शुद्ध असते, पुढें इ. स. ६४ च्या सुमारास नीरो बादशहानें वजन आणि कस दोन्ही उतरविले, परंतु टायबीरियसच्या काळीं तसें झालें नव्हतें. म्हणून याच चित्राचें एखादें नाणें फारच हलकें भरलें, तर तेथेंच संशय घ्यावा.

नाणें कसें पाडलें जाई हेंहि जाणून घेणें अवश्य आहे. एक ठसा ऐरणींत घट्ट बसविलेला असे. त्यावर चांदीची तापविलेली चकती ठेवीत, वरून दुसरा ठसा धरीत आणि हातोड्याचा घाव घालीत. एका घावांत दोन्ही बाजू उठत. हें सर्व काम हातानें होत असल्यामुळें कोणतींहि दोन नाणीं तंतोतंत सारखीं नसतात. कधीं चित्र एका बाजूस सरकतें, कधीं कांठावरील चार अक्षरें चकतीच्या बाहेर राहतात, कधीं कड फाटते. आपल्या नाण्यांना यंत्रानें जशी एकसारखी गोलाई व कडेचे दांते येतात, तसे तेथें नसतात. त्यामुळें एखाद्या नाण्यावर लेख अपुरा दिसला, तर त्याच जातीचीं दुसरीं नाणीं शेजारीं ठेवून तो पुरा करावा लागतो. फाटलेल्या पोथीचें पान दुसऱ्या प्रतीवरून जुळवावें, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरी पायरी छाप्याची. छाप्यावर उजवीकडे तोंड केलेलें एका पुरुषाचें मस्तक आहे. नाक सरळ व पुढें आलेलें, मान उघडी, आणि केसांवर लॉरेल नांवाच्या झाडाच्या पानांची माळ असून तिच्या फितीचीं टोंकें मानेमागें लोंबत आहेत. ही माळ विजयाची व मानाची खूण होय. एवढ्यावरून हा कोणी बादशहा असावा इतकें कळतें. कोणता तें कळत नाहीं. तें सांगणें अक्षरांचें काम आहे.

रोमन नाण्यावरील लेख वाचतांना तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. शब्दांमध्यें जागा सोडलेली नसते. जागा वांचविण्यासाठीं शब्द तोडून आद्याक्षरेंच ठेविलेलीं असतात. आणि 'यू' व 'व्ही' या दोहोंसाठीं 'व्ही' हें एकच चिन्ह वापरलेलें असतें. या नाण्यावरील लेख वाचून दाखवावयाचा तर तो असा होईल: "टी. सीझर डिव्ही ऑग. एफ. ऑगस्टस". 'टी.' म्हणजे टायबीरियस. 'ऑग.' म्हणजे ऑगस्टसाचा. 'एफ.' हें पुत्र या अर्थाच्या शब्दाचें पहिलें अक्षर. सर्व मिळून अर्थ झाला, "दिव्य ऑगस्टसाचा पुत्र टायबीरियस सीझर ऑगस्टस". शेवटचा 'ऑगस्टस' हा शब्द येथें पदवी म्हणून आलेला आहे, पहिला 'ऑग.' म्हणजे खुद्द पहिला बादशहा ऑगस्टस.

या चिमुकल्या ओळींत 'डिव्ही' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. लॅटिन भाषेंत मूळच्या देवाला 'डेउस' म्हणत. परंतु ज्या थोर माणसाला मरणानंतर राजसभेनें ठराव करून देवपदास चढविलें, त्याला 'डिव्हुस' म्हणत. ज्यूलियस सीझरला ख्रिस्तपूर्व ४२ मध्यें असा मान मिळाला. त्याचा दत्तक पुत्र ऑगस्टस हा स्वतःला नाण्यांवर "दिव्याचा पुत्र" म्हणवून घेऊं लागला. इ. स. १४ मध्यें ऑगस्टस वारल्यावर त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत त्यालाहि देवपद देण्यांत आलें, आणि त्याचा दत्तक पुत्र टायबीरियस "दिव्य ऑगस्टसाचा पुत्र" झाला. राज्य दत्तक वारसाकडे गेलें असतां आपला हक्क बळकट करण्यासाठीं तो वडिलांचें नांव किती आवर्जून घेतो, हें आपल्याकडील संस्थानांचा इतिहास वाचणाऱ्यांस नव्यानें सांगावयास नको. त्या काळीं वर्तमानपत्रें नव्हतीं. बादशहास जें प्रजेच्या मनावर ठसवावयाचें असे, तें तो नाण्यावर ठसवी. कारण नाणें हें रोज हातांत येणारें पत्र होतें.

तथापि येथें एक सावधगिरी हवी. या लेखावरून टायबीरियस स्वतःस देव म्हणवीत होता असें कोणी म्हणेल, तर तें नाण्यांत नसलेलें वाचणें होईल. नाणें त्याला देव म्हणत नाहीं, देवपदास गेलेल्याचा पुत्र म्हणतें. इ. स. २५ मध्यें स्पेनच्या एका प्रांतानें त्याच्यासाठीं व त्याच्या आईसाठीं मंदिर बांधण्याची परवानगी मागितली असतां त्यानें ती नाकारली, असें इतिहासकार टॅसिटस सांगतो. आशिया प्रांतांतील शहरांस मात्र त्यापूर्वीं त्यानें तशी परवानगी दिली होती. माणसाचें वागणें नेहमींच एका सुतांत नसतें. म्हणून नाण्यावर जेवढें आहे तेवढेंच वाचावें.

तिसरी पायरी कांट्याची. नाणें उलटलें म्हणजे खुर्चीवर उजवीकडे तोंड करून बसलेली एक स्त्री दिसते. तिच्या एका हातांत लांब उभा राजदंड असून दुसऱ्या हातांत ऑलिव्हची डहाळी आहे. भोंवतीं लेख आहे, "पाँटिफ. मॅक्सिम.", पुरा शब्द 'पाँटिफेक्स मॅक्सिमस', अर्थ 'श्रेष्ठ पुरोहित'.

येथें नवशिक्याचे पाय घसरण्याच्या दोन जागा आहेत. 'पाँटिफेक्स मॅक्सिमस' ही अक्षरें आज रोमला जाणाऱ्या प्रवाशास पोपच्या नांवापुढें अनेक इमारतींवर कोरलेलीं दिसतात. त्यावरून हें नाणें पोपचें, आणि बसलेली स्त्री म्हणजे पवित्र मरिया, असा समज कोणाचा झाल्यास नवल नाहीं. परंतु तो समज खरा नव्हे. ही पदवी मुळांत रोमच्या जुन्या देवधर्मांतील मुख्य पुरोहिताची. ज्यूलियस सीझर तिच्यावर होता. ऑगस्टसनें ती ख्रिस्तपूर्व १२ मध्यें घेतली. आणि त्यानंतर ती बादशहाच्या पदाला जोडली गेली. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत ग्रेशियन बादशहानें ती टाकली असें मानतात. पोपकडे ती फार पुढच्या काळांत रूढ झाली. म्हणजे शब्द एकच, पण मागें उभे असलेले धर्म दोन. नाण्याचा काळ न पाहतां नुसत्या शब्दावर विसंबणारा येथें हमखास फसतो.

मग ही स्त्री कोण? या बाबतींत आमच्या विद्यार्थ्यांना घरचीच युक्ति उपयोगी पडेल. देवळांतील मूर्ति आपण मुखावरून ओळखीत नाहीं, हातांतील आयुधांवरून ओळखतों. विष्णूच्या चोवीस मूर्तींत तर शंख, चक्र, गदा व पद्म हीं तींच असतात; कोणत्या हातांत कोणतें आहे एवढ्या भेदावरून केशव, नारायण, माधव असें नांव ठरतें. रोमन शिल्पकारांचीहि रीत अशीच होती. पंख असलेली ती विजयदेवता, शिरस्त्राण व ढाल असलेली मिनर्व्हा, कणसें घेतलेली सेरीस, वज्र घेतलेला ज्युपिटर. ऑलिव्हची डहाळी ही शांतीची खूण. म्हणून ही स्त्री 'पॅक्स' म्हणजे शांतिदेवता असावी, असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं ही टायबीरियसची आई लिव्हिया असून तिला शांतिदेवतेच्या रूपांत दाखविलें आहे. दोन्ही पक्षांस आधार आहेत. पण नाण्यावर तिचें नांव मात्र कोरलेलें नाहीं. म्हणून खरा जाणकार वर्णन लिहितांना "बसलेली स्त्री, हातीं राजदंड व डहाळी" एवढेंच प्रथम लिहितो, आणि "बहुधा पॅक्स किंवा लिव्हिया" हें त्याच्या पुढें वेगळें मांडतो.

आणखी एक कसोटी आहे. अगदीं हीच बसलेली स्त्री आणि हाच 'पाँटिफ. मॅक्सिम.' लेख ऑगस्टसच्या अखेरच्या वर्षांतील नाण्यांवरहि आढळतो. टायबीरियसनें वडिलांच्या नाण्याचा कांटा तसाच पुढें चालविला. तेव्हां नुसता कांटा पाहून जो नांव सांगेल तो दोन बादशहांत घोटाळा करील. ऑगस्टसच्या नाण्यावर छाप्याच्या बाजूस 'पितृभूमीचा पिता' ही त्याची पदवी असते. टायबीरियसच्या नाण्यावर ती नसते, कारण ती पदवी त्यानें कधीं स्वीकारली नाहीं. नाण्याच्या दोन्ही बाजू वाचल्यावांचून मत देऊं नये हा नियम येथून निघतो. आणि तो नाण्यांपुरताच आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

नांव ठरल्यावर काळ ठरवावयाचा. नाण्यावर साल नाहीं. पण तें काढतां येतें. टायबीरियस इ. स. १४ मध्यें गादीवर आला, परंतु श्रेष्ठ पुरोहिताचें पद त्याला १० मार्च १५ रोजीं मिळालें. त्याचा मृत्यु १६ मार्च ३७ रोजीं झाला. ज्या नाण्यावर ही पदवी आहे तें या दोन तारखांच्या मधलें, हें उघड आहे. सूक्ष्म भेद पाहणारे याहून पुढें जातात: खुर्चीचे पाय साधे कीं कोरीव, आकृतीखालील रेषा एकेरी कीं अधिक, यांवरून ते आधींचीं व नंतरचीं नाणीं वेगळीं करितात. हे सर्व प्रकार रोमन साम्राज्याच्या नाण्यांच्या मोठ्या इंग्रजी सूचीग्रंथांत क्रमवार दिलेले आहेत. त्याचा पहिला खंड १९२३ मध्यें निघाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ति १९८४ मध्यें. टांकसाळ होती लुग्दुनुम येथें, म्हणजे फ्रान्समधील आजच्या ल्योन शहरीं. तेथें सोन्याचांदीचें नाणें पाडीत असत, हें त्याच काळचा भूगोलकार स्ट्रेबो यानें लिहून ठेविलें आहे.

अशा रीतीनें धातु, वजन, छापा, कांटा, काळ व स्थळ हीं सहा अंगें जुळलीं म्हणजे ओळख पुरी झाली. आतां त्या कथेकडे वळूं.

इ. स. ६ मध्यें यहूदिया प्रांत थेट रोमच्या अमलाखालीं आला, लोकांची नोंद झाली आणि डोईपट्टी बसली. हा कर द्यावा कीं न द्यावा हा तेथें जळता प्रश्न होता. येशूला तोच विचारण्यांत आला. द्यावा म्हटलें तर लोक विटतील. देऊं नये म्हटलें तर राजद्रोह ठरेल. त्यानें नाणें मागविलें, त्यावरील चित्र व लेख कोणाचा तें विचारणाऱ्यांच्याच तोंडून वदविलें, आणि राजाचें देणें राजाला पण देवाचें देणें देवाला चुकतें करावें, अशा आशयाचें उत्तर दिलें. मत्तय, मार्क व लूक या तिघांच्याहि ग्रंथांत ही हकीकत आहे, आणि तिन्हींत मूळ ग्रीक शब्द डिनेरियसचाच आहे.

आमचें नाणें डोळ्यांपुढें ठेवून ही कथा वाचली म्हणजे त्या प्रश्नाची धार कळते. यहूदी लोकांस धर्मानें प्रतिमा निषिद्ध. त्यांच्या भावना ओळखून त्या प्रांतांतील रोमन अधिकारी जीं तांब्याचीं लहान नाणीं पाडीत, त्यांवर बादशहाचें मुखहि घालीत नसत. अशा लोकांच्या पवित्र नगरींत असें नाणें निघालें कीं ज्याच्या एका अंगास माणसाचें मुख व "दिव्याचा पुत्र" ही अक्षरें, आणि दुसऱ्या अंगास परक्या धर्माचें श्रेष्ठ पुरोहितपद! हातांत पैसा होता खरा. पण त्या पैशावर एक दावा कोरलेला होता.

यामुळेंच टायबीरियसच्या या डिनेरियसला इंग्रजींत 'करभाराची पेनी' असें नांव पडलें आहे. 'पेनी' येण्याचें कारण इतकेंच, कीं इ. स. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत डिनेरियस या शब्दासाठीं इंग्लंडांतील ओळखीचा शब्द योजिला. परंतु येथें आम्ही वाचकांस क्षणभर थांबवितों. त्या दिवशीं दाखविलेलें नाणें हेंच होतें काय? ग्रंथांत बादशहाचें नांव 'कैसर' एवढेंच आहे, आणि तें ऑगस्टसच्या नाण्यांसहि लागू पडतें. शिवाय त्या काळीं त्या प्रांतांत मोठ्या व्यवहाराची चांदी मुख्यतः टायर शहराची असे. मंदिराचा करहि त्याच चांदींत भरीत. कार्मेल डोंगरावर १९६० मध्यें जो मोठा सांठा सांपडला, त्यांत टायरचीं हजारों नाणीं निघालीं, आणि त्यांच्यासोबत जे रोमन डिनेरियस होते ते ऑगस्टसचे. तेव्हां 'करभाराची पेनी' हें नांव परंपरेचें आहे. तें संभवनीय असेल, पण सिद्ध नाहीं. टायबीरियसचें नाणें ओळखणें ही एक गोष्ट, आणि तें त्या कथेंतलेंच असें म्हणणें ही दुसरी. पहिली नाण्यावरून ठरते. दुसरी आपल्या इच्छेवरून ठरूं पाहते. जी गोष्ट आपणांस प्रिय आहे, तिच्याच बाबतींत पुरावा अधिक कसून पाहावा. श्रद्धेला यानें कमीपणा येत नाहीं. खोट्या आधारावर उभी केली असतां मात्र तिला कमीपणा येतो.

हेंच नाणें समुद्र ओलांडून आपल्या देशांत आलें. मिरीं, मोतीं, रत्नें व तलम कापड यांच्या मोबदल्यांत रोमन व्यापारी सोनें व चांदी आणीत. आपला पैसा रत्नांपायीं परक्यांच्या घरीं जातो, अशी तक्रार टायबीरियसनें इ. स. २२ मध्यें राजसभेस लिहिलेल्या पत्रांत केली होती. 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक प्रवासग्रंथांत म्हटलें आहे, कीं भडोच बंदरीं सोन्याचे व चांदीचे डिनेरियस आणून देशी नाण्यांशीं बदलल्यास कांहीं नफा राहतो. भारतांत सांपडलेल्या रोमन चांदींत दोनच प्रकार विशेष आढळतात: ऑगस्टसचें त्याच्या दोन नातवांच्या चित्रांचें, आणि टायबीरियसचें हें बसलेल्या स्त्रीचें. तामिळनाडूंतील कोइमतूरच्या परिसरांत असे सांठे पुष्कळ निघाले. तेलंगणांतील नळगोंडा जिल्ह्यांत अक्कनपल्ले येथें एकाच सांठ्यांत दीड हजारांहून अधिक डिनेरियस मिळाले.

येथें आल्यावर त्या लेखाचा अर्थ कोण वाचणार? येथील व्यापाऱ्याला चांदीचा कस व वजन हवें होतें. प्लिनी नांवाच्या रोमन ग्रंथकारानें सिंहलद्वीपाच्या राजाची गोष्ट दिली आहे. वाऱ्यानें भरकटत गेलेल्या एका रोमन माणसाजवळचे डिनेरियस त्या राजानें पाहिले. चित्रांवरून ते निरनिराळ्या धन्यांचे दिसत होते, तरी सर्वांचें वजन मात्र सारखें होतें. यावरून त्यानें रोमन लोकांच्या सचोटीची वाखाणणी केली. राजाला चित्रांवरून ती खात्री पटली नाहीं, ती तराजूनें पटली. आमच्या महाराष्ट्रांत, धाराशिव जिल्ह्यांतील तेर या गांवीं, जें प्राचीन तगर म्हणून प्रसिद्ध होतें, तेथें आणि तेलंगणांतील कोंडापूर येथें रोमन नाण्यांची नक्कल केलेलीं मातीचीं पदकें सांपडलीं आहेत. दोऱ्यांत ओंवण्यासाठीं त्यांना भोंकें ठेविलेलीं आहेत. ल्योनच्या टांकसाळींत जो राजाचा दावा होता, यरुशलेमांत जो धर्मसंकटाचा विषय होता, तोच ठसा येथें गळ्यांतला दागिना झाला!

नाणें खरें कीं बनावट, हें पाहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाहीं. रोमन काळींहि लबाड होते. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवून ते नाणें पाडीत. पत्रा झिजला कीं आंतील तांबूस रंग दिसूं लागतो. आजचे बनावट करणारे बहुधा साच्यांत ओततात. ओतीव नाण्यावर भिंगांतून बारीक बुडबुड्यांच्या खळ्या दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, आणि कडेला दोन अर्ध्या साच्यांच्या सांध्याची रेघ उरते. बायबलांतील कथेमुळें या डिनेरियसला मागणी फार, म्हणून त्याच्या नकलाहि फार. शोभेची नक्कल म्हणून विकत घेण्यांत दोष नाहीं. नकलेला अस्सल म्हणणें हा दोष.

जुनें नाणें मिळाल्यास चिंच, राख अगर ब्रश यांनीं घासूं नये. घांसल्यानें लकाकी येते, पण बारीक अक्षरें कायमचीं जातात, आणि अक्षरें गेलीं कीं साक्षीदाराची जीभच गेली. शेत नांगरतांना किंवा पाया खणतांना पुरलेलें धन सांपडलें आणि तें दहा रुपयांहून अधिक मोलाचें असलें, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनीं नाणीं १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतात, व सरकारी परवानगीवांचून तीं परदेशीं पाठवितां येत नाहींत. नाण्याइतकीच त्याची जागा मोलाची असते: कोणत्या थरांत, कोणत्या भांड्यांत, कोणत्या वस्तूंसोबत तें होतें, हें कळलें तरच त्यावरून इतिहास लिहितां येतो.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक साधी संवय सुचवितों. नाणें कोणतेंहि असो, आजोबांच्या पेटींतील पै असो कीं संग्रहालयाच्या कांचेआडचा डिनेरियस असो, त्यासाठीं वहींत तीन रकाने आंखावे. पहिल्यांत डोळ्यांना व तराजूला जें दिसतें तें लिहावें; दुसऱ्यांत त्यावरून जें निघतें तें; आणि तिसऱ्यांत लोक जें सांगतात तें. आमच्या नाण्याच्या बाबतींत 'टायबीरियस' आणि 'श्रेष्ठ पुरोहित' हे शब्द पहिल्या रकान्यांत येतील, 'इ. स. १५ ते ३७' दुसऱ्यांत, आणि 'करभाराची पेनी' तिसऱ्यांत. पालकांनीं मुलांची वही अधूनमधून पाहावी, आणि एवढेंच तपासावें, कीं तिसऱ्या रकान्यांतला मजकूर गुपचूप पहिल्या रकान्यांत तर गेला नाहीं ना!